घरासाठी छोटा डेस्कटॉप: ऑफिसातून आलेला जुना मिनी पीसी कसा निवडावा, तपासावा आणि बसवावा

मुलांचा अभ्यास, आईवडिलांचे व्हिडिओ कॉल, बँकेची कामं, ऑनलाइन सातबारा, सोसायटीचा हिशेब, रात्री यूट्यूब. बहुतेक घरांत कॉम्प्युटरकडून एवढीच अपेक्षा असते. त्यासाठी चाळीस हजारांचा लॅपटॉप घेतला जातो, तो टेबलावरून कधी हलत नाही आणि तीन वर्षांत त्याची बॅटरी मान टाकते. जागेवरच ठेवायचं यंत्र असेल तर माझं मत सरळ आहे: वीस-पंचवीस हजारांच्या आत बसणारा सगळ्यांत शहाणा सौदा म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून बाहेर पडलेला मिनी पीसी. मात्र घेताना नीट तपासता आलं पाहिजे. या बाजारात पैसे वाचतात ते तपासणीतून, घासाघिशीतून फारसे वाचत नाहीत.

हे मिनी पीसी म्हणजे प्रामुख्याने तीन घराणी: डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी आणि एचपीचे प्रोडेस्क व एलिटडेस्क मिनी. तिन्हींचा आकार जवळपास सारखा, साधारण १८ सेंटिमीटर चौरस आणि साडेतीन सेंटिमीटर जाड. बँका, आयटी कंपन्या, कॉल सेंटर हे शेकड्यांनी घेतात आणि ठरावीक वर्षांनी अख्खा लॉट बदलतात. तो लॉट व्यापाऱ्यांकडे येतो, साफसफाई होते आणि रिफर्बिश्ड म्हणून विकला जातो. दिवसभर चालू राहण्यासाठीच बनवलेली यंत्रं असल्यामुळे घरच्या चार-सहा तासांच्या वापराचं त्यांना काही वाटत नाही.

हा डबा कोणासाठी नाही तेही सांगतो. ज्यांना जड गेम खेळायचे आहेत किंवा व्हिडिओ एडिटिंग रोजचं काम आहे त्यांनी याच्या वाट्याला जाऊ नये. यात नेहमीचं ग्राफिक्स कार्ड बसत नाही.

पहिली पायरी: पिढी बघा, नाव नको

दुकानदार सांगतो, ‘आय५ आहे साहेब, एकदम फास्ट.’ हे वाक्य निरर्थक आहे. आय५ हे इंटेलच्या प्रोसेसरचं, म्हणजे मशीनच्या मेंदूचं नाव, आणि ते गेली पंधराहून अधिक वर्षं बाजारात आहे. कोणत्या पिढीचा, हा खरा प्रश्न. पिढी नंबरातच लिहिलेली असते. आय५-६५००टी म्हणजे सहावी, आय५-८५००टी म्हणजे आठवी, आय५-१०५००टी म्हणजे दहावी. शेवटचा ‘टी’ म्हणजे कमी वीज खाणारा, ३५ वॅटचा प्रोसेसर. मिनी पीसीत बहुतेक वेळा हाच असतो आणि घरासाठी तोच बरा.

आठवी पिढी ही लक्ष्मणरेषा समजा. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनवर जुगाड करून विंडोज ११ चढवून देणारे आहेत, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कोणी देत नाही. बँकेचे व्यवहार करायच्या मशीनवर हा खेळ नको. शिवाय आठव्या पिढीत इंटेलने आय५ ला चाराऐवजी सहा कोअर (प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करणारे भाग) दिले, त्यामुळे सातवीकडून आठवीकडे जाताना वेगात पडणारा फरक हाताला जाणवतो. आठव्या पिढीचा आय३-८१००टी सुद्धा चार पूर्ण कोअरचा आहे. फक्त ब्राउझर आणि वर्ड-एक्सेल वापरणाऱ्याला तो पुरतो, हजार-दोन हजार वाचतात.

बाजारात विचारायची मॉडेलं: डेल ऑप्टिप्लेक्स ३०६०, ५०६०, ७०६० मायक्रो आणि त्यांची पुढची ३०७०, ३०८० ही भावंडं, लेनोव्हो एम७२०क्यू, एम९२०क्यू, एम७०क्यू, एचपी प्रोडेस्क ४०० जी४, ६०० जी४ आणि एलिटडेस्क ८०० जी४ मिनी. यांतलं जे चांगल्या अवस्थेत मिळेल ते घ्या. ब्रँडवर अडून बसण्यात अर्थ नाही.

याच मॉडेलांचे थोडे मोठे, ‘एसएफएफ’ म्हणवणारे डबेही मिळतात. टेबलावर जागा असेल तर तेही चालतील, बहुधा थोडे स्वस्तच पडतात. आणि सहाव्या-सातव्या पिढीचं मशीन कोणी फुकट किंवा मातीमोल भावात देत असेल, तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाका. ब्राउझर, ईमेल, मराठी टायपिंग सगळं चालतं आणि पैसे लागत नाहीत.

नव्याचा पर्याय हवाच असेल तर इंटेल एन१०० प्रोसेसरचे छोटे पीसी आहेत. वीज अगदी कमी खातात आणि साध्या वापराला ठीक आहेत. आठव्या पिढीत नसलेली एक गोष्ट त्यांच्यात आहे: एव्ही१ या नव्या पद्धतीने आकसलेले व्हिडिओ ते प्रोसेसरवर ताण न आणता, हार्डवेअरवर उलगडतात. आठव्या पिढीच्या मशीनवर असा ४के व्हिडिओ लावला की प्रोसेसरला घाम फुटतो. १०८०पी ला काही अडचण येत नाही. माझा आक्षेप एन१०० वर नाही, अनोळखी नावाच्या डब्यातल्या सुमार अडॅप्टरवर आणि बिघडल्यावर दाद न लागण्यावर आहे. बजेट साठ हजारांचं असेल तर ॲपलचा मॅक मिनी बघा, तो वेगळ्याच पंगतीतला आहे.

दुसरी पायरी: रॅम आणि एसएसडी

रॅम ८ जीबी ही किमान, १६ असेल तर पुढची चार-पाच वर्षं बघायला नको. पूर्वी मी सांगायचो की ८ जीबीचं मशीन घ्या आणि रॅम नंतर वाढवा. आता उलटं सांगतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की सुटी रॅम घेणं महागात पडतं. १६ जीबी बसवलेलंच मशीन दोन-अडीच हजार जास्त देऊन मिळत असेल तर घेऊन टाका. या डब्यांत लॅपटॉपची डीडीआर४ रॅम लागते, डेस्कटॉपची लांब पट्टी बसत नाही. खाचा दोन असतात. एकाच १६ च्या पट्टीपेक्षा ८ च्या दोन बऱ्या, कारण आतलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं.

साठवणीसाठी २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान डिस्क, बहुतेकांना पुरते. यांतल्या बऱ्याच मॉडेलांत एनव्हीएमई (छोट्या पट्टीसारख्या) एसएसडीसाठी एक खाच आणि अडीच इंची डिस्कसाठी एक कप्पा, असं दोन्ही असतं. लग्नाचे व्हिडिओ आणि वीस वर्षांचे फोटो ठेवायला दुसरी डिस्क नंतर टाकता येते. फक्त हार्ड डिस्क असलेलं मशीन कोणी पुढे केलं तर एसएसडीचे पैसे वेगळे धरूनच भाव करा.

तिसरी पायरी: पूर्ण बजेट कागदावर मांडा

लॅपटॉपमध्ये जे न मागता मिळतं ते इथे वेगळं घ्यावं लागतं, आणि नवखा माणूस फसतो तो इथेच. या डब्यासोबत मॉनिटर नाही, कॅमेरा नाही, माइक नाही. आवाजासाठी असलाच तर एक किरकिरा बारीक स्पीकर. वायफाय तर ऑफिसच्या अनेक मशीनमध्ये नसतंच, कारण तिथे केबल असायची.

आठव्या पिढीचा आय५ मिनी अवस्था आणि रॅमनुसार साधारण बारा ते वीस हजारांत मिळतो. नवा २२ इंची मॉनिटर सहा-सात हजार, कीबोर्ड-माउस हजाराच्या आत, माइकसह वेबकॅम दीड-दोन हजार, छोटा यूपीएस तीन हजारांच्या आसपास. हे अंदाज आहेत, भाव शहरागणिक आणि महिन्यागणिक हलतात. किंमत जीएसटी धरून आहे की ‘प्लस जीएसटी’ हे पहिल्याच फोनवर विचारा. १८ टक्के म्हणजे पंधरा हजारांवर सत्तावीसशे रुपये.

घरातला टीव्ही मॉनिटर म्हणून चालतो का? चालतो, पण अक्षरं फुटल्यासारखी दिसली तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय पोर्टला ‘पीसी’ हा प्रकार निवडा. बऱ्याच टीव्हींवर तेवढ्याने काम होतं.

पोर्टचं एक त्रांगडं आहे. ऑफिसच्या मशीनवर मॉनिटर जोडायला डिस्प्लेपोर्ट हमखास असतो, एचडीएमआय असेलच असं नाही. मग डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी केबल लागते. ही केबल एकाच दिशेने काम करते: डिस्प्लेपोर्टचं टोक कॉम्प्युटरला आणि एचडीएमआयचं मॉनिटरला. उलट्या दिशेची केबल दिसायला हुबेहूब असते आणि तिच्यावर पडदा काळाच राहतो. घेताना पाकिटावर दिशा वाचा.

चौथी पायरी: कुठून घ्यायचा

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली ही माहितीची ठिकाणं. इतर शहरांतही कॉम्प्युटर बाजारात एक-दोन रिफर्बिश्डवाले असतातच. समोर चालवून बघता येतं हा दुकानाचा मोठा फायदा. ऑनलाइन घेतलंत तर परत करायची मुदत किती, पैसे परत की फक्त बदली, हे आधी वाचा.

‘टेस्टिंग वॉरंटी’ हा शब्द ऐकलात तर सावध व्हा. त्याचा अर्थ, काउंटरवर चालवून बघा, बाहेर पडलात की तुमचं तुम्ही. घरच्या माणसाने किमान सहा महिन्यांची, शक्यतो वर्षाची लेखी वॉरंटी देणाऱ्याकडूनच घ्यावं, हजार रुपये जास्त गेले तरी. बिल पक्कं हवं आणि त्यावर मशीनचा सीरियल नंबर हवा. नंबर नसलेल्या बिलावर वॉरंटी मागायला गेलं की ‘हे आमचं मशीनच नाही’ म्हणायला दुकानदार मोकळा.

पाचवी पायरी: काउंटरवरची तपासणी

इथे घाई करू नका. सोबत एक पेनड्राइव्ह, एक इअरफोन आणि हॉटस्पॉटसाठी मोबाइल न्या. पेनड्राइव्हवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाकून ठेवा.

आधी अडॅप्टर. डेल, लेनोव्हो, एचपी तिघांचे अडॅप्टर वेगळे. लेनोव्होची पिन चपटी, आयताकृती आणि आतून पिवळी. एचपीचं टोक बारीक आणि निळं. डेलच्या टोकात मध्यभागी एक नाजूक सुई असते. या सुईवरून डेलचं मशीन आपला अडॅप्टर ओळखतं. अडॅप्टर डुप्लिकेट असला किंवा सुई वाकली असली तर चालू करताना इशारा येतो आणि प्रोसेसर मुद्दाम हळू चालवला जातो. मशीन दिसायला ठणठणीत, पण चालतं कासवासारखं, याचं कारण अनेकदा हेच निघतं. मूळ कंपनीचा, ६५ वॅट किंवा त्याहून मोठा अडॅप्टर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारं मशीनचं मूळ सेटिंग. चालू करताना डेलवर एफ२, एचपीवर एफ१०, लेनोव्होवर एफ१ दाबत राहा. पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा आणि दुकानदाराला तो काढून द्यायला सांगा. जमत नसेल तर मशीन परत ठेवा. आत प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम आणि सीरियल नंबर दिसतो. हा नंबर खालच्या स्टिकरशी जुळला पाहिजे. डेलमध्ये त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात. सुरक्षेच्या पानावर कॉम्प्युट्रेस किंवा ॲब्सोल्यूट (मशीनवर दुरून नजर ठेवणारी सेवा) असं काही चालू दाखवत असेल तर जुन्या कंपनीचा पाठलाग अजून सुटलेला नाही असं समजा. असं मशीन नको.

याहून लपलेला फास म्हणजे ऑटोपायलट. काही कंपन्या आपली मशीन मायक्रोसॉफ्टकडे नोंदवून ठेवतात आणि विकताना नोंद काढायला विसरतात. दुकानात विंडोज छान चालतं. घरी आणून रिसेट केलं, इंटरनेट जोडलं, की पडद्यावर कुठल्यातरी कंपनीचं नाव येतं आणि तिथला ईमेल मागितला जातो. ही नोंद जुनी कंपनीच काढू शकते, दुकानदाराच्या हातात काही नसतं. म्हणून त्याला सांगा की माझ्यासमोर रिसेट करून इंटरनेटला जोडून दाखव. वेळ नसेल तर घरी गेल्यावर पहिलं काम हेच करा, परत करायची मुदत संपायच्या आत.

विंडोज उघडलं की सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग ॲक्टिव्हेशन. डिजिटल लायसन्सने ॲक्टिव्हेट आहे असं लिहिलं असेल तर ठीक. संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेने झाल्याचं दाखवत असेल तर ती बहुधा चोरीची पद्धत आहे आणि काही महिन्यांत पुन्हा ॲक्टिव्हेशन मागेल. शोधपट्टीत ‘सिस्टिम इन्फॉर्मेशन’ लिहून सिक्युअर बूट (मशीन चालू होताना परकं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू आहे का बघा. टीपीएमचं पान सेटिंग्जच्या सुरक्षा विभागात सापडतं, तिथे २.० दिसलं पाहिजे.

आता पेनड्राइव्ह. क्रिस्टलडिस्कइन्फो एसएसडीची तब्येत टक्क्यांत आणि एकूण चाललेले तास दाखवतं. टक्केवारी ऐंशीच्या खाली असेल तर भाव कमी करा किंवा डिस्क बदलून घ्या. अनोळखी नावाची चकचकीत नवी एसएसडी बघून हुरळून जाऊ नका. नामांकित कंपनीची थोडी वापरलेली डिस्क मला तिच्यापेक्षा भरवशाची वाटते.

शेवटी कान द्या. यूट्यूबवर दोन-तीन टॅबमध्ये व्हिडिओ लावा आणि दहा मिनिटं गप्पा मारा. पंख्याचा आवाज वाढणं साहजिक आहे, खरखर किंवा टकटक होता कामा नये. तोवर प्रत्येक यूएसबी पोर्टमध्ये पेनड्राइव्ह लावून बघा, इअरफोनची खाच बघा, प्रत्येक डिस्प्ले पोर्टवर चित्र येतं का बघा, आणि वायफाय मोबाइल हॉटस्पॉटला जोडा. वायफाय नसेल तर आत कार्ड बसवून द्यायला सांगा. यूएसबीचा डोंगल हा दुय्यम पर्याय, पण तोही चालतो.

सहावी पायरी: बसवणं आणि वीज

मागच्या बाजूला भोकं असलेल्या मॉनिटरला पट्टी लावून हा डबा पाठीवर टांगता येतो, टेबल मोकळं राहतं. पट्टी त्या त्या मॉडेलची घ्या. कपाटात किंवा देव्हाऱ्याखालच्या बंद खणात ठेवू नका; हवा पुढून मागे जायला चार बोटं जागा लागते.

साध्या कामाला डबा पंधरा-वीस वॅट घेतो, मॉनिटर तेवढेच. दोन्ही मिळून ३५ वॅट धरले आणि रोज सहा तास चालवलं तर महिन्याला सहा-साडेसहा युनिट होतात. वीज एवढी कमी लागते म्हणूनच ६०० व्हीएचा साधा यूपीएससुद्धा डबा, मॉनिटर आणि राउटर मिळून अर्धा तास सहज ओढतो. जिथे लोडशेडिंग ठरलेलं आहे तिथे यूपीएस चैनीत मोडत नाही. अर्थिंग मात्र खरं हवं. धातूच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमनला बोलवा.

सातवी पायरी: घरच्यांसाठी तयार करणं

दुकानदाराने दिलेलं विंडोज मी ठेवत नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज ११ तयार करा आणि डिस्क पूर्ण पुसून नव्याने टाका. मशीनचं लायसन्स खरं असेल तर इंटरनेट जोडताच ते आपोआप ओळखलं जातं. मग विंडोज अपडेट दोन-तीनदा चालवा. वेगळं अँटिव्हायरस विकत घ्यायची गरज नाही, विंडोजमधलं पुरतं.

खाती वेगवेगळी करा. ॲडमिनिस्ट्रेटर एकच, आणि त्याचा पासवर्ड एका जबाबदार माणसाकडे. मुलांना आणि आजी-आजोबांना साधं, स्टँडर्ड खातं द्या. ‘तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला आहे, हे डाउनलोड करा’ म्हणणाऱ्या खिडक्यांपैकी बऱ्याच या एका गोष्टीमुळे पासवर्डपाशीच अडकतात.

मराठीसाठी सेटिंग्जमधल्या भाषा विभागात मराठी जोडा. त्यात इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असलेल्यांना फोनेटिक लगेच जमतो. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. जुन्या मशीनवरच्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फाँटमधल्या फायली इथे अगम्य चिन्हांसारख्या दिसतील. त्या आता सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्या लागतात, आणि रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं व रफार डोळ्यांनी तपासावे लागतात. एमएस ऑफिसचे पैसे द्यायचे नसतील तर लिबरऑफिस मोफत आहे. सोसायटीच्या हिशेबाला ते भरपूर झालं.

देखभाल फारशी नाही. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत म्हणा, मशीन बंद करून वायर काढा, मागचा स्क्रू काढून झाकण सरकवा आणि मऊ ब्रशने पंख्याची धूळ काढा. पंखा बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. धूळ काढूनही पंखा सतत घोंघावत असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असते. दुकानात ती बदलून मिळते. दर वेळी तारीख-वेळ चुकीची दाखवायला लागलं तर आतला सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल संपला आहे. घड्याळवाल्याकडे तो मिळतो, किंमत किरकोळ.